फोटोत न आलेली विमानं

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, आणि तेंदूची पानं तोडून बोटं काळी पडली आहेत, म्हणून कागदाला डाग लागतील. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. मी चौथीपर्यंतच शिकले. त्यानंतर माझं लिहिणं म्हणजे राखीच्या पाकिटावरचा पत्ता. पण आज हाताला काम पाहिजे. सकाळची पानं बांधून झाली, भांडी दोनदा घासली, अंगण झाडलेलंच होतं ते पुन्हा झाडलं. फोन लागत नाही. म्हणून लिहीत बसले.

काल दिवस बुडायच्या आधी आम्ही बाया फडावर पुडे द्यायला गेलो होतो. फड म्हणजे बोडीच्या, छोट्या तळ्याच्या, पलीकडचं मोकळं रान. तेंदूपानांचे पुडे तिथे ओळीने मांडतात आणि उन्हात वाळवतात. दक्षिणेकडून आवाज आला. आधी वाटलं, आरमोरीच्या रस्त्यावरचा ट्रक असेल. मग तो आवाज जमीन सोडून वर आला. हेलिकॉप्टर होतं. पळसाच्या शेंड्यांवरून निघालं, आमच्या डोक्यावरून गेलं आणि सरळ नागपूरच्या दिशेने गेलं.

नागपूरच्या दिशेने गेलं, हेच वाईट. सकाळी गडचिरोलीहून खाली जंगलाकडे जातात ती साहेबांची. ती संध्याकाळी आल्या वाटेने परततात, आमच्याकडे फिरकतही नाहीत. आमच्या गावावरून जातं ते मोठ्या दवाखान्यात जाणारं. त्यात कोणीतरी आडवा असतो. हे कोणी शिकवलं नाही. पावसाचा वारा कोणता आणि आंधीचा कोणता हे जसं कळतं, तसं हे इथल्या बायांना कळतं.

माझा धाकटा भाऊ दिवाकर पोलिसात आहे. भामरागडकडच्या जंगलातल्या एका ठाण्यावर. कालपासून त्याचा फोन बंद आहे.

घरचे, म्हणजे माझे मालक, म्हणाले, "बातम्यात काई नाई आलं. आता पहिल्यासारखं काई राह्यलं नाई तिकडे. तू उगीच जीव जाळून राह्यली." आणि दुपारची झोप घ्यायला गेले. पण मी पाहिलं, झोपण्याआधी त्यांनीही फोन लावून पाहिला. भावजय सीमा गडचिरोलीला राहते. तिला सकाळी फोन केला होता. ती म्हणाली, "तिथी टावरच नसते बाई, नेहमीचंच हाय." पुन्हा केला तर ती घाबरेल. म्हणून करत नाही.

उन्हात कोणी बाहेर नाही. मोहाचं झाडही हलत नाही. काम सरलं की असा रिकामा वेळ मागे राहतो, त्यात कान फार मोठे होतात.

दिवाकर जन्मला तेव्हा मी चौथी पास झाले होते. त्याच्या आधीची आईची दोन लेकरं गेली होती. हा नवसाचा. आई धानाच्या रोवण्याला जायची, मग लेकराला कोण घेणार? माझं दप्तर खुंटीला लागलं आणि कडेवर हा आला. शाळेची घंटा वाजली की माझे पाय अजून तिकडे वळायचे. पण कडेवर ओझं असलं की पाय लवकर शहाणे होतात. मला तो बाई म्हणतो. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात.

कडेवरच्या लेकराला आभाळ जास्त दिसतं. आपण पाहतो खाली, काटा आहे का, साप आहे का. तो पाहायचा वर. पांढरी रेघ ओढत जाणारं विमान आधी त्यालाच दिसायचं. बगळ्यांची माळ डोक्यावरून गेली की लेकरं नखावर नख घासून फुलं मागतात, आणि नखावर पांढरा ठिपका उमटला की बगळ्याने फूल दिलं म्हणतात. दिवाकर विमानालाच फुलं मागायचा. एवढ्या उंचावरून त्याला कसं ऐकू जाणार म्हणून मोठ्याने ओरडायचा आणि मग तळहात पसरून उभा राहायचा. मी म्हणायची, "उद्या उमटंन." विमान दिसेनासं झालं तरी रेघ राहायची. हळूहळू फुगायची, कापसासारखी विस्कटायची. तेव्हा आमच्या गावात कॅमेरा कोणाकडे असणार? ती रेघ आणि ते पसरलेले हात, दोन्ही तसेच विरून गेले.

मार्कंड्याच्या जत्रेत मात्र फोटो निघता निघता राहिला. तिथे आरमोरीचे रशीदभाई फोटोचा तंबू लावायचे. तंबूत लाकडी पट्ट्यांचं आणि पुठ्ठ्याचं विमान होतं, निळा रंग दिलेलं, मागे पडद्यावर ढग. खिडकीतून तोंड बाहेर काढून बसायचं. दिवाकर तेव्हा पाचेक वर्षांचा. त्याने ते विमान पाहिलं आणि माझा हात सोडून पळत जाऊन आत बसला.

रशीदभाईंनी काळा कपडा डोक्यावर घेतला. तेवढ्यात आई धावत आली. "नको भाऊ, नको. नवसाचं लेकरू हाय. फोटूनं उमर घटते."

रशीदभाईंनी कपड्यातून तोंड बाहेर काढलं. "काय बोलून राह्यली बाई तू? फोटोनं उमर घटली असती तं आरमोरीत एकबी नवरदेव जिता राह्यला नसता!"

तंबूतली माणसं हसली. आई नाही हसली. तिने दिवाकरला खिडकीतून ओढून काढलं. तो त्या निळ्या पुठ्ठ्याला धरून राहिला, थोडा पुठ्ठा फाटलासुद्धा. वैनगंगेच्या काठापर्यंत रडत आला. पुढच्या वर्षी नेऊ म्हटलं, पण पुढच्या वर्षी तो त्या खिडकीत मावण्याएवढा लहान राहिला नव्हता.

मला तेव्हा आईचा राग आला होता. आता येत नाही.

तेंदूचा हंगाम दरवर्षी येतो. मे महिना, तळपायाला चटके, पहाटे उठून जंगलात जायचं. वाघाच्या भीतीने पाच-सहा जणी मिळून जायचं, एकमेकींना हाका मारत पानं तोडायची. दुपारी ओसरीत बसून पुडे बांधायचे, उन्हं उतरली की फडावर न्यायचे. सगळे हंगाम सारखेच. पण माझ्या डोक्यात एकच हंगाम बसला आहे. तो दरवर्षी या दिवसांत उठतो आणि माझ्याबरोबर जंगलात येतो.

दिवाकरची जंगलातली ती पहिली नेमणूक होती. त्या उन्हाळ्यात हेलिकॉप्टरं फार फिरली. आवाज आला की फडावरच्या साऱ्या बाया आधी वर पाहायच्या आणि मग माझ्याकडे. मला ते नको व्हायचं. पदर डोळ्यांपर्यंत ओढून मी पुडे लावत राहायची.

माझ्या शेजारी जयाबाई बसायची. खालच्या टोलीतली, चिंचेपलीकडच्या वस्तीतली. तिचा मुलगा शालिकसुद्धा पोलिसातच होता, दिवाकरच्या बरोबरीचा. आमची बारीक बारीक चढाओढ चालायची. कोणाचा फोन आधी आला, कोण किती दिवसांच्या सुट्टीवर येणार.

"तुया भाऊ काय म्हणे?"

"काई नाई. जेवलो म्हणे."

"मायावाला तं आंब्याचं लोणचं मागून राह्यला. तिथी काय खाऊन राह्यला देव जाणे. बरणी भरून ठेवली म्या."

"मग आमाले नाई द्याची?"

"तुले देतो नं. खाली रायलेला खार देतो!" आणि आपल्याच बोलण्यावर ती एवढी हसायची की हातातली पानं घसरायची.

त्या दिवशी हेलिकॉप्टर खालून आलं. खूप खालून, एवढं की सुकत आलेले पुडे ओळी सोडून उडाले. पुडे मोजून घेणारा मुंशी ओरडत त्यांच्यामागे धावला, बाया धावल्या. मी उभी राहिले आणि वर पाहिलं. पोटाखालचा रंग दिसला, दार दिसलं. दाराच्या आत काय आहे ते दिसलं नाही. जयाबाई आपली ओळ दोन्ही हातांनी धरून वाकली होती. माझं पातळ ओढून म्हणाली, "बस नं खाली. वर पाहून काय होते? इथी मायी ओळ मोडली."

ते नागपूरकडे गेलं.

संध्याकाळी गावात जीप आली आणि आमच्या दारासमोर थांबली. मी उंबऱ्यात होते. पुढे बसलेल्या साहेबांनी टोपी काढली होती. साहेब हळू आवाजात म्हणाले, "शालिकचं घर कुठी हाय?"

मी हाताने दाखवलं. खालची टोली, चिंचेच्या पलीकडे.

जीप गेली. मी उंबऱ्यातच खाली बसले. आणि मला भूक लागली. कडकडून भूक. आत जाऊन शिळी भाकर चटणीशी उभ्याउभ्या खाल्ली. तेवढ्यात चिंचेकडून आवाज उठला. तोंडातला घास तसाच राहिला. ना गिळता आला, ना टाकता.

पुढे महिन्याने जयाबाईच्या घरी शालिकचा फोटो आला. मोठा, काचेचा, सोनेरी चौकटीचा, पूर्ण वर्दीतला. त्या काळी पोलिसांची घरं वर्दीतला फोटो ठेवतच नव्हती. पोरं सुट्टीला यायची ती साध्या कपड्यांत, वर्दी पिशवीच्या तळाशी. लग्नाच्या अल्बमातही कोणी वर्दीत नसायचं. कोणी बघेल, कोणी ओळखेल, ही भीती. त्यामुळे जयाबाईने आपल्या पोराला वर्दीत पाहिलं ते पहिल्यांदाच, भिंतीवर. ती कितीतरी वेळ फोटोच्या खांद्यावरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, "कसा उंच दिसून राह्यला नाई वं?"

त्या दिवसापासून माझ्या मनाने एक गाठ बांधली. चूक की बरोबर, मला विचारू नये. वर्दीतला फोटो भिंतीवर लागतो तो कधी लागतो, ते मी पाहिलं आहे.

मध्ये उठून फोन लावून आले. बंद.

एकदा तर आमच्या गावातच हेलिकॉप्टर उतरलं. निवडणूक होती, कोणी मोठे नेते सभेला येणार होते. शाळेच्या मैदानावर चुन्याचा गोल काढला होता. आदल्या दिवशी सांगितलं, धूळ उडू नये म्हणून बायांनी मैदानावर शिंपण करावं. आता शिंपण करा म्हटल्यावर बाया काय करणार? पाहुणा दारात येणार म्हणजे नुसतं पाणी शिंपतात का कुठे? आम्ही शेण कालवून सडा घातला आणि त्या चुन्याच्या गोलाभोवती हातभर रुंद रांगोळी काढली. जयाबाईने मधे लाल भरलं, कमळ काढलं. सरपंचबाई खूश.

हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा कमळ उठलं. लाल, पांढरं, पिवळं, सगळं वर गेलं आणि हार घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांत गेलं. नेते उतरले तर स्वागताला एकाचे डोळे उघडे नाहीत. आरमोरीहून रशीदभाई खास फोटो काढायला आले होते. म्हातारे झाले होते, तरी मोटारसायकल चालवत आले होते. दाढी गुलाबी झालेली, कॅमेऱ्याच्या काचेवर शेणाचा शिंतोडा.

"एकबी फोटो नाई आला," ते कॅमेरा पुसत म्हणाले. "चाळीस सालात अशी होळी नाई पाह्यली. कोण्या बाईनं काढली वं रांगोळी?"

आम्ही साऱ्या जणींनी पदर तोंडात कोंबले. जयाबाईसुद्धा हसली. शालिक गेल्यावर तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं. तिचा फोटो काढायला पाहिजे होता, हेलिकॉप्टरचा नाही.

दिवाकरचं लग्न झालं, लेकरू झालं. एका सुट्टीत तो मला आरमोरीला घेऊन गेला, रशीदभाईंच्या दुकानात. मला वाटलं, लेकराचा फोटो आणायचा असेल. आत गेल्यावर त्याने पिशवीतून वर्दी काढली. पडद्यामागे जाऊन घातली आणि बाहेर आला. मी त्याला कधी तसं पाहिलं नव्हतं. कडेवर वागवलेलं पोर एवढं मोठं कधी झालं ते मला त्या दुकानात दिसलं. रशीदभाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

"एकच काढाचा हाय बाई," दिवाकर म्हणाला. "पोट्ट्यासाठी. मोठा झाल्यावर पाहाले. पाकिटात बंद करून ठेवतो, भिंतीवर नाई लावत."

तो स्टुलावर बसला. दिवा लागला. मी चार माणसांत कधी तोंड उघडत नाही. ग्रामसभेत माझं नाव घेतलं तरी घाम फुटतो. पण मी उठले आणि कॅमेरा आणि त्याच्यामध्ये जाऊन उभी राहिले.

"बाई, सरक नं."

मी सरकले नाही. नुसती उभी. दिव्याने पाठ भाजत होती.

"तू आईवानी करून राह्यली," तो म्हणाला. चिडला होता. "फोटूनं का गोळी लागते?"

रशीदभाईंनी हात लांब करून दिवा बंद केला. "जाऊ दे भाऊ. बहीण हाय. फोटोचं काय, फिरून कधी काढू."

परतीच्या बसमध्ये दिवाकर खिडकीकडे तोंड करून बसला. गाव आलं तेव्हा म्हणाला, "भूक लागली." तेवढ्याने मला बरं वाटलं.

आता माझ्याकडेही कॅमेऱ्याचा फोन आहे. कोंबडीच्या पिलांचे फोटो आहेत, वाळत घातलेल्या मोहाचे आहेत, घरच्यांचा झोपेतला एक आहे. आभाळातला एकही नाही. फडावरच्या पोरी आवाज आला की फोन वर करतात. मीही एक-दोनदा केला. काचेत ते एवढंसं दिसतं, माशीएवढं. अंगठा दाबायचा तेवढा राहतो. आणि वाटतं, आत कोण आहे ते माहीत नसताना कसा दाबू?

घुग्घुसला नणंदेकडे गेले होते तेव्हाची झोप आठवते. तिथे रात्रंदिवस कोळशाचे ट्रक, खाणीचे भोंगे, पाळी सुटली की मोटारसायकलींचा गोंगाट. नणंद म्हणाली, "वहिनी, तुमाले इथी झोप नाई येणार." मी भरदुपारी मेल्यासारखी झोपले. आभाळ धुळीने भरलेलं, त्यातून काही दिसत नाही आणि खालच्या आवाजात वरचं काही ऐकू येत नाही. तशी झोप मला माझ्या घरात कधी लागली नाही. आमचं गाव फार शांत आहे. दूरची माशीही ऐकू येते.

इथपर्यंत लिहिलं आणि दार वाजलं. मग कागद तसाच राहिला. आता दिवा लावून उरलेलं लिहिते आहे.

जयाबाई आली होती. डोक्यावर पानांची मोट, तिच्या घरची बांधायची राहिलेली. काही न विचारता ओसरीत बसली आणि अर्धी पानं माझ्यापुढे लोटली.

"फोन?"

"बंद."

"भावजयले केला?"

"सकाळी केला. आता पुन्हा कायले भेवाडू तिले?"

ती पानं जुळवत राहिली. मोठं पान वर, बारीक आत. मग मान वर न करता म्हणाली, "काल तू उभी होती नं. म्या पाह्यलं. म्या तुले बस नाई म्हटलं काल."

मी हातातला पुडा बांधून बाजूला ठेवला.

"त्या साली म्हटलं होतं. मले वाटते कधी कधी, म्या वर पाह्यलं असतं तं… काय झालं असतं? काईच नाई. पण पाह्यलं असतं."

आमचे हात चालत राहिले. उन्हं अंगणातून कुडावर चढली. घरचे उठले, आमच्याकडे पाहिलं, कधी करत नाहीत ते केलं, स्वतःच चूल पेटवून चहा ठेवला.

चहा उकळत असताना फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. माझ्याने उचलवेना. जयाबाईने आपल्या काळ्या बोटाने हिरवं बटण सरकवलं आणि फोन माझ्या कानाला लावून धरला.

"बाई? मी बोलून राह्यलो."

जयाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी मान हलवली तशी तिने डोळे मिटले.

"बाई, ऐकून राह्यली का? नागपूरले हाव. दवाखान्यात. मले काई नाई झालं. सोबतचा एक पोरगा हाय, नवा, त्याच्या डोस्क्यात मलेरिया चढला. झटके येऊन राह्यले होते. त्याच्यासंग कोणी पाहिजे होतं तं मले बसवलं. चार्जर तिकडेच राह्यला. आता इथल्या वाचमनच्या फोनवरून लावला."

जयाबाईने माझा दंड हलवला. "वाचला का म्हणा पोट्टा? विचार."

"वाचला का रे?"

"डोळे उघडले सकाळी. पाणी मागतलं. सिरोंचाकडचा हाय, त्याची माय निघाली तिकडून."

मी जयाबाईला सांगितलं, पाणी मागतलं. ती "बरं झालं, बरं झालं" म्हणत उठली आणि चुलीवरचा उतू चाललेला चहा उतरवायला गेली. तिकडे ती बराच वेळ थांबली.

"बाई," दिवाकर म्हणाला, "काल आपल्या गावावरून आलो. बोडी दिसली, उन्हानं नुसती चमकून राह्यली होती. बाजूले फड. काय दिसते वं वरून! गोधडीवर टाके घालावे तशा रांगा. साऱ्या बाया वाकून होत्या. एकच बाई उभी होती, वर तोंड करून. तोंड तं काई दिसत नाई तेवढ्या वरून. पण म्या म्हटलं, हे आपलीच बाई हाय."

"फोटू काढला का?"

"नाई ना वं. सलाईनची बाटली धरून होतो, दोनी हातानं."

"बरं केलं," मी म्हटलं.